अर्धं शीड

आमच्या जळकोटच्या घरात एखादी बाई विनाकारण चिडली, रडली, की अजूनही म्हणतात, "हिला दोड्डव्वासारखं पाणी लागलं." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दोड्डव्वाला पाणीबिणी काही लागलं नव्हतं. वय लागलं होतं. पण पाण्याला नाव ठेवणं सोपं असतं. बाईच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या अंगात काय होतं, हे चारचौघांत तोंडावर कोण आणणार?

दोड्डव्वा म्हणजे माझी थोरली काकू, शिवगंगा. आमची घरं लिंगायतांची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, म्हणून थोरल्या काकूला ही कानडी हाक. तिचा नवरा, माझे काका सिद्रामप्पा, यांचं जळकोटच्या बाजारात किराणा दुकान होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या. पाऊस मात्र नवा आला नाहीच, जुना होता तोही गेला. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर घटकाभर सावलीला बसायचं आणि टॉवेल झटकून उठून जायचं. त्यांचा मुलगा रेवणसिद्ध लातूरच्या एका नव्या कार्यालयात चिकटला आणि त्यानं तिथं दोन खोल्या घेतल्या. गल्लीतले सगळे म्हणाले, आता अप्पांनीही लातूरला दुकान टाकावं. काका म्हणाले, "जिथं धा दुकानं हायेत, तिथं अकरावं कामून टाकू?"

तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीवर धरणाचं काम चाललं होतं. नदीच्या दोन्ही काठांना मजुरांच्या झोपड्या पसरलेल्या आणि मध्ये खोल डोह. दुष्काळातही तिथं पाणी टिकून होतं. जमिनीवर दुकान टाकायचं तर या काठाला एकाला विचारा, त्या काठाला दुसऱ्याला. काकांनी निवृत्ती नावाच्या भोयाकडून जुनी नाव घेतली. मधोमध काठी, काठीवर गोणपाटाचं ठिगळ लावलेलं जाड कापडाचं शीड. पुढच्या अंगाला डबे आणि तराजू, मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली चूल आणि वळकटी. सकाळी या काठाला, दुपारनंतर त्या काठाला. वारा असला की शीड, नसला की बांबू. "पान्यावर कुनाच्या बापाची परवानगी लागती?" असं काका मिश्या नसतानाही मिशीला पीळ देत म्हणायचे. मालाची राखण हवी म्हणून राहणंही नावेतच. पक्का दुकानदार माणूस. आजोबा वारले त्या दिवशीही दुकानाची एक फळी उघडी ठेवलेली, कुणाला मीठ-मिरची लागली तर!

पहिले काही महिने दोड्डव्वाला गंमत वाटली. निवृत्तीनं तिला शीड चढवायला शिकवलं. दोरी ओढायची, शीड वर गेलं की खुंटीला दोन वेढे द्यायचे. तिचा हात काकांपेक्षा चांगला बसला. मग तिची पाळी मागेपुढे व्हायला लागली, आणि एक दिवस थांबलीच.

पुढचं तिनं मला नंतर, जळकोटला परत आली तेव्हा सांगितलं. तेव्हा मी तिच्या वयाला पोचले नव्हते, त्यामुळे निम्मं समजलं. उरलेलं आता समजतंय.

पोटातून वाफ उठायची. छातीवरून मानेवर, मानेवरून कानशिलांत. थंडीच्या दिवसांतही ती पदर ओला करून डोक्यावर घ्यायची. झोप उडाली. एकदा तराजूचा काटा मध्ये थांबेना म्हणून ती रडत बसली, आणि गिऱ्हाईक तूरडाळीचा पुडा न घेताच परत गेलं. राग तर असा यायचा की आपलाच आवाज तिला ओळखू येत नसे. जमिनीवर रागावलेली बाई पाय आपटत माहेरी जाते, निदान शेजारणीच्या ओट्यावर जाते. नावेत पाय आपटला तर नाव हलते आणि साखरेचा डबा सांडतो. मग तो भरत बसा, रागासकट.

कुणाशी बोलावं? घरी माझी आई होती, चुलत जावा होत्या. पाट्यावर वाटण वाटताना सगळी दुखणी निघायची आणि वाटणाबरोबर संपायची. इथं दोन्ही काठांना बायका होत्या, पण त्या गिऱ्हाईक. दुकानदारीण आपलं दुखणं गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितलं तर गिऱ्हाईक गुळाचा भाव पाडून मागतं. मधल्या काळात रेवणसिद्ध एकदा येऊन गेला. "अव्वा, तुझी तब्येत बरी दिसना," असं म्हणाला, गोडेतेलाचा डबा घेतला आणि गेला. लातूरला चल असं तो म्हणेल म्हणून ती लुगडं बदलून बसली होती.

आणि काका? काका वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. दोड्डव्वा चिडली की ते गप्प बसायचे, रडली की अधिकच गप्प. फार झालं की शीड चढवून पलीकडच्या काठाला जायचे, जणू भांडण या काठालाच राहणार होतं. बायको नावेतच आहे हे त्यांच्या लक्षात यायचं नाही असं नाही. त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

नांदेडच्या बाजूला काठावर एका मुकादमाची झोपडी होती. त्याची बायको तारामती, लोह्याकडची. महिन्याला चार दिवस ती झोपडीबाहेर बाभळीखाली बसायची. तिला काही बोलावं लागत नसे. मुकादम न सांगता भाकरी थापायचा, त्याही वाकड्या. पोरं लांबूनच बोलायची. शेजारीण पाणी वरून ओतायची. आमच्यात विटाळ मानत नाहीत. पाळीतही बाई चुलीपाशी जाते, देवाला बसते. आमच्या पुरुषांना याचा मोठा अभिमान, आणि असावाच, कारण बाईला बाहेर बसवणं वाईटच. पण त्याची दुसरी बाजू अशी की बाईच्या अंगात काय चाललंय याचा घरात कुणाला पत्ताच लागत नाही. दोड्डव्वा नावेतून बाभळीकडे बघत राहायची. तिला विटाळ नको होता. न बोलता कुणाला तरी कळावं, एवढंच हवं होतं.

मग ती सकाळ आली.

आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं लिंग असतं. जन्मल्यावर बांधतात ते मरेपर्यंत. रोज ते डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, आणि मगच अन्न. लिंग हरवलं तर अन्न नाही. जुन्या बायका तर याहून पुढचं सांगायच्या: लिंग गेलं की जीव ठेवायचा नाही. लहानपणी मी अशा गोष्टी ऐकून पांघरुणात शिरायची.

नाव मधल्या डोहात होती. दोड्डव्वा मागच्या अंगाला पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर जांभळाएवढं काळं लिंग, उजव्या हातात तांब्या. पाणी घालणार तोच अंगात वाफ उठली. ती डोळे मिटून थांबली, वाफ उतरायची वाट बघत. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाळी दिली आणि पुढून काका ओरडले, "शिवगंगे, दोरी धर, गिऱ्हाईक थांबलंय! देव काय पळून चाललाय का?"

तिला तांब्या फेकायचा होता. पण राग डावं-उजवं बघत नाही. तिनं दोन्ही हात झटकले. तांब्या नावेच्या कडेवर आपटून खणखणत काकांच्या पायाशी गेला. लिंगाचा आवाज आलाच नाही. तिनं तळहात बघितला तेव्हा त्यावर नुसती ओल होती.

काकांनी वाकून तांब्या उचलला, पोचा बोटानं चाचपला आणि आणून तिच्याजवळ ठेवला. दोड्डव्वाला वाटलं, यांनी फक्त तांब्या बघितला.

दुपारी तिनं काकांना वाढलं. "तुला?" त्यांनी विचारलं. "मागून जेवते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाठ करून बसली आणि रिकाम्या तळहातावर पाणी घातलं, विभूती लावली. विभूती तळहाताच्या रेषांत गेली. गळ्यातली रिकामी डबी पदराखाली झाकली. पाणी प्याली, हे तिनं मला खरं सांगितलं. अर्धा कप चहाही, एकदा. त्याचा तिला पुढं किती तरी दिवस अपराध वाटत राहिला.

सांगणार कुणाला? काकांना सांगायचं तर नवं लिंग बांधायला स्वामींना बोलवावं लागणार, आणि सिद्रामप्पाच्या बायकोनं रागाच्या भरात देव नदीत फेकला हे जळकोटच्या बाजारात कळायला एक एस.टी. पुरे होती. त्या बाजारात काकांचं आयुष्य गेलं होतं. त्यांची मान खाली जाण्यापेक्षा आपण गप्प बसावं, असं तिनं ठरवलं. आणि गप्प बसून शेवटी काय करायचं, हेही तिनं हळूहळू ठरवायला घेतलं. पाणी तर चारी बाजूंना होतं.

तिला आणखी चीड आली ती काकांच्या वागण्याची. नाव त्या जागेवरून हलवायलाच ते तयार नव्हते. नांगराचा दगड टाकून बसले होते. "वारा न्हाई," म्हणायचे. वारा तर तिच्या पदरात भरत होता! दोन्ही काठांवरून माणसं ओरडायची, "ओ अप्पा, डाळ संपली! मीठ आना!" हा माणूस आजोबांच्या मौतीला फळी उघडी ठेवणारा, आणि आता गिऱ्हाइकांकडे पाठ करून बांबू पाण्यात खुपसत बसलेला. "काय करून राहिले?" तिनं विचारलं. "पानी किती खाली गेलं ते बघून राहिलो," ते म्हणाले. दुष्काळात पाणी खालीच जाणार, त्यात बघायचं काय!

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना काका छपराखाली आडवे झाले होते. दोड्डव्वा कडेला वाकून बसली. डोकं हलकं झालं होतं, पोटात काही नव्हतं. पाणी जवळ आल्यासारखं दिसत होतं. अजून थोडं वाकलं की झालं, एवढंच मनात होतं, असं तिनं मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

वाकली तेव्हा तिला पाण्यात मासे दिसले. एवढे मासे तिनं आजवर कधी बघितले नव्हते. नावेच्या काकांच्या बाजूला नुसती झुंबड. लिंगायताच्या नावेखाली मासे कशाला जमतील? ती गुडघ्यावर सरकत त्या बाजूला गेली. पाण्यात भाकरीचे तुकडे होते. भिजून फुगलेला एक मोठा तुकडा नावेच्या कडेला अडकलेला. त्याच्या काठाला बोटांचे ठसे होते. ते तिचेच, सकाळच्या भाकरीचे.

मग तिनं काकांना हलवलं.

"अवो, भाकर पान्यात कामून टाकली?"

काका उठून बसले. इकडेतिकडे बघितलं.

"तू कामून खाल्ली न्हाईस?"

"तुमाला ठावं हाय?"

"हाव. म्या बघितलं. तांब्या इकडं आला अन् लिंग तिकडं गेलं."

"तवापासून जेवला न्हाई?"

"तू उपाशी, म्या कसा जेवू? बांबूनं शोधून राहिलो. गाळात लागना."

"मग बोललात कामून न्हाई?"

"तू बोलशील, म्हनून."

त्या क्षणी तिला जो राग आला तो वयाचा नव्हता. तो रास्त होता, आणि आजही त्या रागाच्या बाजूनं मी उभी राहीन. तीन दिवस एका नावेत दोन माणसं, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, आपापली उपाशी. त्यातलं एक मरायला निघालेलं. आणि दुसरं काय करतंय, तर माशांना भाकरी घालतंय! ती म्हणाली, "म्या पान्यात गेले असते, तरी तुमी बांबूच घालत बसले असते." काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचं असतं हेही त्यांना माहीत नसल्यासारखे ते बसून राहिले.

मग म्हणाले, "शिवगंगे, मला वारा कळतो. तू कळत न्हाईस. बोलावं तर तू चिडतीस, न बोलावं तर रडतीस. म्या रोज चुकीचंच करतो."

दोड्डव्वा काठावरच्या बाभळीकडे बघत होती. तारामती नव्हती तिथं, नुसती सावली होती. ती म्हणाली, "मग वाऱ्यावानीच सांगते. ज्या दिशी माझं बरं नसंल, त्या दिशी म्या शीड अर्धंच चढवीन. त्या दिशी पलीकडं जायचं न्हाई. दुकान मांडायचं न्हाई. काही इचारायचं न्हाई. जवळ येऊन बसायचं."

"बसून काय करू?"

"काही न्हाई. बसायचं."

दुसऱ्याच दिवशी काका नांदेडला जाऊन एका मठातल्या स्वामींना घेऊन आले. स्वामी नावेत बसायलाच घाबरत होते. लिंग कसं गेलं, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "पान्यावर ऱ्हातो स्वामी. पान्यानं घेतलं." स्वामींनी फार खोलात न जाता नवं लिंग बांधलं, आणि दोघं एका ताटात जेवली.

दोड्डव्वाचं बरं झालं असं मी म्हणणार नाही. वाफा उठतच होत्या, झोप नव्हती, राग होता. पण सकाळी उठून ती दोरी हातात घ्यायची. पुरं शीड चढलं की काका तराजू पुसायला घ्यायचे. अर्ध्यावर दोरी बांधली की ते काही न बोलता डब्यांवर गोणपाट टाकायचे आणि मागच्या अंगाला येऊन बसायचे. पहिल्यांदा दहादा चुळबूळ केली, एकदा काठावरच्या गिऱ्हाइकाकडे आशेनं बघितलंही. मग शिकले. मजुरांनाही ते कळलं: अर्धं शीड, दुकान बंद. लोकांना वाटलं ते लिंगायतांचं कसलंसं व्रत आहे. तारामतीनं तर विचारलंही, "काकू, ह्ये अर्ध्या शिडाचं व्रत कशासाठी असतंय? म्या बी धरू का?" दोड्डव्वा म्हणाली, "तुला गरज न्हाई. तुझी बाभळ हाय."

पुढच्या उन्हाळ्यात डोहही आटत आला. नाव गाळावर टेकली आणि एका अंगाला कलली. डबे उतरत्या बाजूला सरकायचे. गिऱ्हाइकं चिखल तुडवत यायची आणि पाय धुवायला पाणी मागायची. नाव कुठं जाणार नव्हती, तरी शीड चढायचं, कधी पुरं, कधी अर्धं. त्याच वैशाखात ऊन लागून काकांना ताप आला आणि दोन दिवसांत ते गेले. जळकोटला आणून, आमच्या रीतीप्रमाणे बसतं करून, डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवून त्यांना माती दिली. दोड्डव्वा रडली नाही. "अजून उठतील का बघा, दुकान उघडायला," एवढंच म्हणाली, आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाणी लागल्याची कंडी पिकली ती तिथून.

नाव निवृत्तीनं परत नेली. दोड्डव्वा महिनाभर जळकोटला आमच्याकडे राहिली, मग रेवणसिद्धनं तिला लातूरला नेलं, आणि ज्या खोल्यांची तिनं इतकी वाट बघितली होती तिथं ती राहायला लागली.

दीड-दोन वर्षांनी माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी लातूरला गेले. त्या भागात मी नवीन. घर शोधत रस्त्यावरून चालले होते. नवा जिल्हा, रस्त्याला माणसांची ये-जा, टँकरमागे घागरींची पळापळ. वर बघितलं तर एका गॅलरीत दोरीवर हिरवी साडी वाळत घातलेली. पुरी पसरलेली नाही. मध्ये दुमडून, अर्धी.

पत्ता विचारायची गरजच राहिली नाही. मी जिना चढले.

सूनबाईनं चहा टाकला. टाकता टाकता सासूबद्दल म्हणाली, "बघा की अक्का, अत्तीला साडी वाळत घालायला सांगितलं तर अशी अर्धी घालतात. लाखदा सांगितलं, पुरी पसरा, वाळत न्हाई. ऐकतच न्हाईत." ती वाईट पोरगी नव्हती. तिला कळत नव्हतं, एवढंच.

मी गॅलरीत गेले. दोड्डव्वा भिंतीला टेकून खाली बसली होती. मी काही विचारलं नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले.

"उमे, तुला कळलं?" ती म्हणाली.

"हाव."

"रोज न्हाई गं घालत अशी. बऱ्या दिशी पुरी घालते."

मी वर बघितलं. दोरी लागते तिथं, बरोबर घडीवर, साडीचा हिरवा रंग उन्हानं उडून पांढरा पट्टा पडला होता. बाकी कुठंच नाही. पुरी ती कधी पसरलीच नव्हती. जळकोटची शेवटची एस.टी. मी जाऊ दिली.